केस गेल्यावर विचारायचे राहून जाते ते

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांतील लोकांचे केस अचानक गळू लागले, हे आपल्या वाचकांच्या स्मरणात असेल. अठरा गावांतील २७९ लोकांची नोंद झाली. हात लावला की केसांचा पुंजका हातात यायचा आणि तीन-चार दिवसांत डोके मोकळे व्हायचे. आरोग्य खात्याची पथके आली, त्वचारोगतज्ज्ञ आले, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे शास्त्रज्ञ आले. पाण्याचे, रक्ताचे, केसांचे, धान्याचे नमुने गेले. हा भाग खारपाणपट्ट्यातला, त्यामुळे आधी पाण्यावर संशय घेतला गेला. विंचूदंशावरील संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी स्वतः तपास करून, रेशनच्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण स्थानिक गव्हापेक्षा सुमारे ६०० पट असल्याचे, तसेच रुग्णांच्या रक्तात आणि केसांतही ते वाढलेले व जस्ताचे प्रमाण कमी झालेले असल्याचे मांडले. कारणांची ही चर्चा आवश्यकच होती आणि ती मी जाणकारांवर सोडते. मला लिहायचे आहे ते केस गेल्यानंतर ही माणसे घरात, वर्गात, बाजारात आणि आरशासमोर कशी वावरली असतील याविषयी, कारण तपासणीच्या कोणत्याही तक्त्यात त्यासाठी रकाना असल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

त्या बातम्यांच्या शेवटी अधूनमधून दोन ओळी मात्र असत. बाधितांमध्ये महाविद्यालयीन विद्यार्थी आणि तरुण मुली बऱ्याच असून त्यांना हेटाळणीला तोंड द्यावे लागत आहे, शिक्षणात खंड पडला आहे, ठरलेली लग्ने अडचणीत आली आहेत आणि चेष्टा टाळण्यासाठी अनेकांनी स्वतःहून मुंडण करून घेतले आहे, असा त्या ओळींचा आशय असे. मला विचाराल तर बातमी तिथून सुरू व्हायला हवी होती. उरलेले केस आपल्याच हाताने काढून टाकावेसे वाटणे ही साधी गोष्ट नव्हे. जागोजागी विरळ झालेले डोके घेऊन बाहेर पडण्यापेक्षा पूर्ण भादरलेले डोके घेऊन बाहेर पडणे सोपे जाते, कारण भादरलेल्या डोक्याची कारणे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहेत. अर्धवट डोक्याचे कारण मात्र भेटेल तो विचारतो, आणि प्रत्येकाला ते नव्याने सांगावे लागते.

मी याच जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. मला शेगावचा तो आजार झालेला नाही. माझे केस त्याच्या पुष्कळ आधी, पदवीच्या वर्गात असताना चाई पडून जाऊ लागले, मध्ये परत आले, पुन्हा गेले, आणि आता कित्येक वर्षे डोक्यावर, भुवयांवर, पापण्यांवर कोठेच नाहीत. त्यामुळे त्या गावांतील माणसांच्या मनात काय चालले असेल, याचा अंदाज मला वर्तमानपत्र वाचून करावा लागला नाही.

आपल्या समाजात डोक्यावर केस नसणे ही कधीच नुसती शरीराची अवस्था नव्हती. वडील गेले की मुलगा डोके भादरतो, तान्ह्याचे जावळ काढतात, बटूची मुंज होते, तिरुपतीला जाऊन आलेली माणसे पुढचे काही आठवडे टोपी घालून फिरतात. अशा प्रत्येक डोक्याकडे पाहून पाहणाऱ्याला काय बोलायचे ते कळते, मग तो सांत्वन करतो किंवा प्रसाद मागतो. स्त्रीच्या डोक्याची गोष्ट याहून कठोर आहे. विधवेचे केशवपन ही महाराष्ट्रातील अनेक घरांत पणजीच्या पिढीपर्यंत प्रत्यक्षात असलेली चाल होती. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईतील नाभिकांनी एकत्र येऊन विधवांच्या केसांना वस्तरा न लावण्याचा निर्धार केला, हे आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावेच. वस्तरा थांबला, परंतु केस नसलेली बाई म्हणजे काहीतरी अशुभ घडलेली बाई, ही समजूत वस्तऱ्याबरोबर गेली नाही. ‘बोडकी’ हा शब्द आजही भांडणात शिवी म्हणून वापरला जातो. माझे केस पहिल्यांदा पूर्ण गेले तेव्हा बसथांब्यावर एका म्हातारीने अतिशय मायेने विचारले होते, “काय झालं वं पोरी, कोणता नवस फेडला?” तिच्या प्रश्नात खोट नव्हती. पण नवस नाही, सुतक नाही, मग हे काय, या प्रश्नाला माझ्याकडे असे कोणतेच उत्तर नव्हते जे तिला पटले असते. आमच्याच आळीतल्या एका बाईंनी तर मला पाहून गळ्यातल्या मंगळसूत्राला हात लावला होता. त्यांनी तो मुद्दाम लावला नसेल. मला मात्र तो हात दिसला.

चाई म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे भाग आहे. शरीराची रोगप्रतिकारशक्ती जी बाहेरून येणाऱ्या जंतूंशी लढते, तीच चुकून केसांच्या मुळांवर हल्ला करते, आणि नाण्याएवढ्या गोल चकत्यांत केस गळतात. काहींचा आजार तेवढ्यावर थांबतो, काहींचे पूर्ण डोके आणि अंगावरचे केसही जातात. आयुष्यात केव्हा ना केव्हा हा आजार होणाऱ्यांचे प्रमाण शंभरात सुमारे दोन इतके मानले जाते, म्हणजे मोठ्या शाळेत काही मुले निश्चित सापडतील. हा आजार संसर्गजन्य नाही. एकमेकांची टोपी, कंगवा किंवा टॉवेल वापरल्याने तो होत नाही. केसांचे मूळ मरत नाही, म्हणूनच केस परत येऊ शकतात, आणि म्हणूनच ते पुन्हा जाऊही शकतात.

या येण्याजाण्याचा मनावर होणारा परिणाम बाहेरच्या माणसाला सहसा समजत नाही. टाळूवर लव दिसू लागते, पुष्कळदा ती आधी पांढरी असते, मग काळी होते, घरात आनंद होतो, आई नारळ फोडते, आणि ऐन त्याच आठवड्यात उशीवर पुन्हा केस दिसतात. केस एकदाच जाऊन संपले असते तर माणूस रडून मोकळा झाला असता. इथे आशेला दर काही महिन्यांनी नवा अंकुर फुटतो आणि आपण त्याला घाबरू लागतो. माझ्या बाबतीत असे झाले की नवीन केस दिसले तरी मी ते कोणाला सांगणे बंद केले, अगदी आईलाही, कारण ते गेल्यावर तिची समजूत काढण्याचे काम पुन्हा माझ्याकडेच येणार होते. घरच्यांना धीर देणे हे आजारी माणसाचेच काम होऊन बसते, ही गोष्ट मी चाई पडलेल्या जवळजवळ प्रत्येक व्यक्तीकडून ऐकली आहे.

त्यातच लोक कारणे सांगतात. चाई कीड लागल्याने पडते, कोणाच्या तरी शापाने पडते, मुलगी रात्री आरशात पाहते म्हणून पडते, असे मी ऐकले आहे. मग कांद्याचा रस, लसणाचा रस, गुंजेचा लेप. कांद्याचा रस चोळून चोळून माझ्या टाळूवर फोड आले होते आणि खोलीतून वास जात नव्हता, तरी आत्या दर रविवारी नव्याने कांदे किसायला बसत असे. हे सगळे मायेपोटी होते, याबद्दल मला शंका नाही. शिकलेल्या लोकांनी मात्र याहून अधिक त्रासदायक कारण शोधले आहे, ते म्हणजे ताण. “तू टेन्शन घेतेस म्हणून केस गळतात” हे वाक्य मी डॉक्टरांच्या प्रतीक्षालयापासून लग्नाच्या मांडवापर्यंत सर्वत्र ऐकले आहे. तीव्र ताणानंतर केस गळू शकतात, हे खरे आहे. पण चाई पडायला ताणच कारणीभूत असतो, असे म्हणता येत नाही. तरीही हे वाक्य एकदा मनात रुजले की ज्याचे केस गेले तोच त्याचा गुन्हेगार ठरतो. केस गेले म्हणून दुःख होते, दुःख झाले की आपण ताण घेतला असे ठरते, आणि ताण घेतला म्हणून केस येत नाहीत असा ठपका बसतो. दुःख करण्याचीही सोय राहत नाही.

याच्या उलट आपल्याच आज्यांनी एका प्रकारच्या केसगळतीला किती हळुवार स्पष्टीकरण देऊन ठेवले आहे, ते पाहा. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी अनेक स्त्रियांचे केस मूठमूठ गळतात. गरोदरपणात जे केस गळायचे थांबलेले असतात ते बाळंतपणानंतर एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि काही महिन्यांनी एकत्र गळतात, असे वैद्यकशास्त्र सांगते. मोठा ताप, टायफॉइड, शस्त्रक्रिया यांच्यानंतरही दोन-तीन महिन्यांनी असेच होते आणि बहुतेकदा केस पूर्ववत होतात. आपल्याकडे आजी म्हणते, बाळ आईला ओळखायला लागले की आईचे केस गळतात. योगायोगाने बाळ ओळखीचे हसू लागण्याचे दिवस साधारण तेच असतात. शास्त्र म्हणून हे खरे नाही, पण या एका वाक्याने बाळंतिणीचा दोष नाहीसा होतो, भीती कमी होते आणि गळणाऱ्या केसांचा संबंध एका चांगल्या गोष्टीशी जोडला जातो. हे ज्या समाजाला सुचले, त्याला चाई पडलेल्या मुलीसाठी कीड आणि शाप यापलीकडे काही सुचू नये, याचे मला कोडे आहे.

रोजच्या जगण्याविषयी लिहायचे तर पत्र संपणार नाही, म्हणून काही गोष्टीच सांगते. पापण्या नसल्या की धूळ आणि घाम थेट डोळ्यांत उतरतो. अकोला-खामगावच्या मे महिन्यात याचा अर्थ काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्याच उन्हात विग घालून चार तास शिकवले की टाळू भाजून निघते. विग चांगला हवा असेल, म्हणजे खऱ्या केसांचा, तर त्याची किंमत शिक्षिकेलाही विचार करायला लावते, मग शेतमजुराच्या मुलीचे काय! तिरुपती देवस्थान भाविकांनी अर्पण केलेल्या केसांचा लिलाव करते आणि मानवी केसांच्या निर्यातीत भारत जगात आघाडीवर आहे. त्याच देशात केमोथेरपी घेणाऱ्या किंवा चाई पडलेल्या गरीब स्त्रीला डोक्यावर घालायला धड काही मिळत नाही. एस.टी.मध्ये खिडकीजवळची जागा मी घेत नाही. रंगपंचमीला दार लावून घेते. हळदीकुंकवाला गेले की गजऱ्यांचे ताट माझ्यापर्यंत येते तेव्हा देणारीचा हात क्षणभर थांबतो; काही बायका गजरा माझ्या हातात ठेवतात, काही ताट पुढे नेतात. मला यापैकी काय बरे वाटते, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. बँकेत आधार कार्डावरचे छायाचित्र आणि समोरचा चेहरा जुळत नाही म्हणून तरुण कारकून गोंधळतो, आणि मागे रांगेत उभ्या असलेल्या लोकांसमोर मला माझा आजार सांगावा लागतो. भुवया गेल्या की चेहरा किती परका होतो, हे केस गेलेल्या माणसाखेरीज कोणाच्या ध्यानात येत नाही. रस्त्याने जाताना दुकानाच्या काचेत दिसणारी बाई आपणच आहोत, हे कळायला मला प्रारंभी वेळ लागत असे.

पुरुषांना टक्कल पडते त्यात काय विशेष, असे म्हणून त्यांच्याबद्दल बोलणे टाळले जाते, तेही मला मान्य नाही. आनुवंशिक कारणाने विशी-पंचविशीत कपाळ मागे सरकू लागलेल्या मुलांना मी वर्गात पाहते. शेवटच्या बाकावर बसतात, टोपी काढायला सांगितली की तास बुडवतात. मित्रांनी ठेवलेली टोपणनावे त्यांना हसत स्वीकारावी लागतात, कारण पुरुषाने केसांसाठी रडणे आपल्याकडे केस जाण्यापेक्षाही हास्यास्पद समजले जाते. लग्नाच्या बाजारात त्यांनाही नकार येतात आणि नकाराचे कारण मध्यस्थाच्या तोंडून गावभर होते. मुलीच्या दुःखाला निदान आई तरी जवळ घेते. या मुलांच्या दुःखाला घरात कोणी विचारत नाही.

ज्या दुःखाला कोणी विचारत नाही, त्याच्याकडे बाजार बरोबर पोहोचतो. आपल्याच दैनिकाच्या रविवार पुरवणीत, आरोग्यविषयक लेखाच्या शेजारच्या चौकटीत, ठरावीक दिवसांत खात्रीने केस उगवण्याची हमी देणाऱ्या तेलाची जाहिरात मी पाहिली आहे. औषधविषयक नियमावली, १९४५ मधील अनुसूची ‘जे’ मध्ये, जे आजार बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये अशांची यादी दिलेली आहे, आणि त्या यादीत टक्कल आहे, नवीन केस उगवण्याचा दावाही आहे. आपला जाहिरात विभाग ही यादी एकदा वाचेल, अशी माझी अपेक्षा गैर नसावी. केशरोपणाचेही तेच. कुशल शल्यविशारदाच्या हातून, योग्य रुग्णावर ते उपयोगी पडते. परंतु गल्लोगल्लीच्या केंद्रांत डॉक्टर नसलेली माणसे हे काम करू लागल्यावर आणि मृत्यू घडल्यावर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ साली त्यासंबंधी मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. २०१९ मध्ये मुंबईत केशरोपणाची लांबलचक शस्त्रक्रिया करून घेतलेल्या एका व्यावसायिकाचा त्यानंतर दोन दिवसांच्या आत मृत्यू झाला होता. तेव्हा लोकांनी काय म्हटले, ते मला आठवते: केसांसाठी कोणी जीव धोक्यात घालतो का? घालतो. तो का घालतो, हे विचारायला मात्र कोणी थांबले नाही.

वैद्यकीय उपचार पूर्वीपेक्षा पुढे गेले आहेत, हेही नोंदवले पाहिजे. छोट्या चकत्यांवर स्टेरॉइडची इंजेक्शने दिली जातात. आमवातासाठी वापरल्या जाणाऱ्या बॅरिसिटिनिब या गोळीला अमेरिकेच्या औषध नियामकाने जून २०२२ मध्ये प्रौढांच्या तीव्र चाईसाठी मान्यता दिली, आणि पुढच्याच वर्षी बारा वर्षे व त्यावरील मुलांसाठी आणि प्रौढांसाठी रिटलेसिटिनिबला दिली. ही औषधे रोगप्रतिकारशक्तीचा एक मार्ग रोखतात, त्यामुळे ती सुरू करण्याआधी क्षयरोगासह इतर संसर्गांची तपासणी करावी लागते, खर्च चालूच राहतो आणि औषध बंद केल्यावर केस पुन्हा गळण्याची शक्यता असते. मी ती घेऊन पाहावीत की नाही, याचा विचार करून शेवटी घेतली नाहीत. तो माझा निर्णय आहे, कोणाला सल्ला नाही. मुद्दा निराळा आहे. इतक्या वर्षांत मी ज्या ज्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी माझी टाळू भिंगातून पाहिली, नखांवरचे खड्डे पाहिले, थायरॉइडची तपासणी लिहून दिली, आणि सगळे योग्यच केले. झोप लागते का, जेवण जाते का, घराबाहेर पडता का, हे त्यांपैकी एकीनेच विचारले. ती सरकारी रुग्णालयातील तरुण डॉक्टर होती, बाहेर रांग लागलेली होती, आणि प्रश्न विचारून ती माझ्या उत्तरासाठी खरोखर थांबली. मी तेव्हा काय उत्तर दिले, ते महत्त्वाचे नाही. त्या दिवसानंतर मी पुन्हा नोकरीसाठी अर्ज करू लागले.

म्हणून शेगावसारख्या प्रसंगी गावात जाणाऱ्या पथकात त्वचारोगतज्ज्ञाबरोबर समुपदेशकही असावा, ही माझी पहिली मागणी आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम अस्तित्वात आहे, त्याची माणसे आहेत. त्यांना बोलावण्यासाठी नवा कायदा लागत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्या अठरा गावांच्या ग्रामपंचायतींच्या फळ्यावर लिहिला असता तरी कोणीतरी तो फिरवला असता. अनेकांचे केस नंतर पुन्हा येऊ लागले, तशा बातम्या आल्या. पुढे एप्रिलमध्ये याच भागातून नखे गळण्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा पथके पुन्हा गेली. परंतु मधल्या काळात मोडलेले लग्न, बुडालेली परीक्षा, तुटलेली मैत्री केसांबरोबर परत आली का, हे पाहायला कोणी गेल्याचे ऐकिवात नाही.

दुसरी मागणी शिक्षण खात्याकडे आहे आणि तिच्याबद्दल मी जरा अधिक आग्रही आहे, कारण ती बिनखर्चाची आहे. आपल्या बहुतेक शाळांत मुलींना दोन वेण्या आणि रिबिनी सक्तीच्या असतात आणि मुलांना वर्गात टोपी घालायला मनाई असते. नियमामागचा हेतू चांगला असेल, पण चाई पडलेल्या किंवा कर्करोगाचे उपचार घेत असलेल्या मुलासाठी तो रोज सकाळी प्रार्थनेच्या रांगेत होणारा पंचनामा ठरतो. एका चकतीला झाकण्यासाठी रुमाल बांधून आलेल्या मुलीला सर्वांसमोर रुमाल सोडायला लावल्याचे मी पाहिले आहे. सोडायला लावणाऱ्या बाई दुष्ट नव्हत्या. उवा असतील, अशी त्यांची समजूत झाली होती. मुलगी त्यानंतर दिवाळीपर्यंत शाळेत आली नाही. डॉक्टरांची चिठ्ठी असल्यास, आणि चिठ्ठी मिळेपर्यंत पालकांच्या साध्या अर्जावरही, टोपी, रुमाल किंवा विग घालण्याची मुभा राहील, एवढे एका परिपत्रकात म्हणता येईल. स्पर्धा परीक्षांच्या आणि प्रवेश परीक्षांच्या केंद्रांवर तपासणी करणाऱ्यांनाही हे सांगितले पाहिजे. विगच्या धातूच्या क्लिपांवर यंत्र वाजले तर मुलीला आडोशाला नेऊन स्त्री कर्मचाऱ्याने तपासावे, दारातच नव्हे. आणि वर्गशिक्षकांनी, आजारी मुलाला पुढे उभे न करता, चाई हा संसर्ग नाही हे विज्ञानाच्या एखाद्या तासाला सांगून टाकावे. रोगप्रतिकारशक्तीचा धडा शिकवतानाच पाच मिनिटे पुरतात, हे मी स्वतः करून पाहिले आहे.

तिसरी गोष्ट आपल्याकडे, म्हणजे वृत्तपत्रांकडे आणि वाहिन्यांकडे. कोणत्याही प्रयोगशाळेने विषाणूचे नाव घेतलेले नसताना जानेवारीतील त्या दिवसांत ‘टक्कल व्हायरस’ असा मथळा राज्यभर फिरला. बातमीच्या आत खुलासे होते, पण मथळाच लक्षात राहतो. करोनाचे दिवस पाहिलेल्या माणसाने ‘व्हायरस’ हा शब्द वाचल्यावर त्या गावचा पाहुणा दारात उभा राहिला तर काय करावे, अशी आपली कल्पना आहे? छायाचित्रांबाबतही तेच. विरळ डोक्यांची, चेहरे स्पष्ट दिसणारी छायाचित्रे छापली गेली, त्यांत लहान मुले होती. ती मुले मोठी झाल्यावरही इंटरनेटवर ती छायाचित्रे असतील. कुष्ठरोग किंवा एचआयव्हीच्या बातमीत आपण चेहरा दाखवत नाही. केसांच्या बातमीत तो दाखवला, कारण आपल्या मते हा विषय गंभीर नव्हता, थोडा गमतीचा होता. समाजमाध्यमांवर लोकांनी विनोद केले याचा दोष मी आपल्याला देत नाही. परंतु आपल्याच दैनिकाच्या व्यंगचित्रात त्या आठवड्यात कंगवा विकणाऱ्याचा जो विनोद होता, तो त्या गावांतील एखाद्या मुलीने सकाळी चहा पिताना पाहिला असेल, एवढे मी आपल्या निदर्शनास आणून देते.

टकलावरचे विनोद बंदच करावेत, अशी माझी मागणी नाही. माझ्या घरी माझ्या डोक्यावरून रोज विनोद होतात, आणि त्यांतले निम्मे मीच करते. ज्याचे केस गेले त्याने हसायला सुरुवात करावी, मग इतरांनी हसावे, इतका क्रम पाळला तरी पुष्कळ झाले.

माझे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती. मला स्वतःला आता त्याचे काही वाटत नाही. महाविद्यालयात सर्वांना ठाऊक आहे आणि गेली काही वर्षे मी उन्हाळ्यात विग न घालताच शिकवते. परंतु माझ्या भाचीसाठी सध्या स्थळे पाहणे सुरू आहे, आणि मुलीच्या मावशीला जे झाले ते घराण्यात आणखी कोणाला आहे का, असा प्रश्न नुकताच एका ठिकाणाहून आला. भाचीचे केस कमरेपर्यंत आहेत. तरीही हे पत्र पाठवण्याआधी तिच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, नाव न देण्याचे वचन माझ्याकडून घेतले आहे.

आपली,
एक वाचक
खामगाव, जि. बुलढाणा